ललिताचं दुसरं यकृत

ललिता धोत्रेला दोन यकृतं होती. एक सगळ्यांना असतं तसं उजव्या बरगड्यांखाली, आणि दुसरं पुण्याबाहेर, सह्यगिरी जैववैद्यक संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या कपाटात. हे दुसरं अंगठ्याच्या नखाएवढं होतं. एका पारदर्शक पट्टीत केसाहून बारीक नळ्या, नळ्यांतून संथ वाहणारा गुलाबी द्रव आणि त्या द्रवाच्या काठाकाठाने वस्ती करून राहिलेल्या ललिताच्या पेशी. संस्थेत त्याला नुसतं 'चिप' म्हणत. ललिता सकाळी आली की कोट चढवण्याआधी त्या कपाटाशी जायची, घरच्या जनावराला पाणी मिळालं की नाही ते बघावं तसं द्रवाची पातळी बघायची, आणि मगच कामाला लागायची.

ते यकृत तिच्या रक्तातूनच वाढवलेलं होतं. दंडातून थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना रसायनं देऊन मागे मागे न्यायचं, पार गर्भातल्या कोवळ्या अवस्थेपर्यंत, आणि तिथून पुन्हा पुढे आणताना यकृताच्या वाटेला लावायचं. असं वाढलेलं यकृत मूळ माणसाच्या यकृतासारखंच वागतं. त्याला औषध द्या, ते औषध फोडतं, निचरा करतं. औषध त्या माणसाला बाधणारं असेल तर चिपवरच्या पेशी मरतात, माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही.

ही सोय निघाली आणि सरकारने एक नियम केला. आजवर औषधं तपासली जायची ती शहरांतल्या, मोठ्या दवाखान्यांपर्यंत पोचणाऱ्या लोकांवर. डोंगरातल्या, पालांवरच्या, खाणीवरच्या माणसांना कोणी विचारलंच नव्हतं. पिढ्यानुपिढ्या आपापसांत सोयरिकी करणाऱ्या लहान समाजांच्या रक्तात काही खोडी मुरलेल्या असतात, आणि एकाला अमृत ते दुसऱ्याला विष होऊ शकतं. म्हणून नियम असा की, नवं औषध ज्या समाजाला द्यायचं त्या समाजाच्या चिपवर ते आधी उतरलं पाहिजे. नियम चांगला होता. तो करणाऱ्यांचा हेतूही चांगला होता.

पण चिपेला माणूस हवा. त्यातून 'प्रतिनिधी फेलोशिप' निघाली. ज्या समाजातलं कोणी अशा प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आलं नाही, तिथला एक हुशार विद्यार्थी निवडायचा, पीएच.डी. होईपर्यंत त्याचा सगळा भार उचलायचा, आणि त्याने आपलं रक्त द्यायचं. मोठ्या समाजांच्या चिपा कपाटात ओळीने होत्या. लहान समाजांची एकेकच. पुढे वाढवू, असं ठरलेलं होतं. वडार समाजाची एकच होती, ललिताची.

ललिता सोलापूरजवळची, अक्कलकोट रस्त्याच्या आत खडीच्या खाणीला लागून असलेल्या वस्तीवरची. तिचा बाप हणमंता दगडाच्या धुळीने आणि क्षयाने गेला. मुलाखतीत फेलोशिप काढणाऱ्या डॉ. मृणालिनी राजाध्यक्ष यांनी तिला विचारलं होतं की, तुला हेच का शिकायचंय. ललिताने सांगितलं, अप्पा गेले तेव्हा औषध घरातच होतं, फळीवर. पण गोळ्या सुरू केल्या की त्यांचे डोळे पिवळे व्हायचे, अन्न उलटायचं. सोडल्या की खोकला वाढायचा. अप्पा म्हणायचे, दारू नाही, गोळीच बाधते. सरकारी डॉक्टर म्हणाले, दारू सोड. वस्तीतल्या आणखी पुष्कळांचं तसंच झालं, आणि सगळ्यांना तेच उत्तर मिळालं. ते खरं होतं का, एवढंच मला कळून घ्यायचंय.

राजाध्यक्ष मॅडमनी चष्मा काढून पुसला होता. "ह्या प्रश्नासाठीच मी ही फेलोशिप काढली," त्या म्हणाल्या होत्या. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी वीस-बावीस वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

ललिताच्या पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी क्षयावरचं नवं औषध आलं. गोळ्या नाहीत, एकच सुई, क्षय झालेल्यांना आणि होऊ नये म्हणून इतरांनाही. दंडात टोचली की औषधाचे बारीक कण स्नायूत बसून राहायचे आणि सहा महिने थोडंथोडं विरघळत राहायचे. लोक तिला 'सहामाही' म्हणू लागले. रोज गोळ्या चुकवणाऱ्या, कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसांना याहून सोयीचं काय असणार? ते औषध ललिताच्या चिपवर उतरलं. पेशी टवटवीत राहिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे आले, आणि वडारवस्त्यांवर गाड्यांतून सुई पोचवायची मोहीम ठरली.

ललितालाही आनंद झाला, पण त्या आनंदात एक काटा होता. सहामाही सुईतलं औषध जुन्या गोळीच्याच कुळातलं होतं, यकृतात ते त्याच वाटेने फुटत होतं. वडाराच्या यकृताला ते सोसत असेल तर गोळीही सोसायला हवी होती. म्हणजे डॉक्टर बरोबर होते, अप्पांना दारूनेच नेलं. ती कित्येक महिने मेलेल्या बापावर रागावून राहिली. घरी फोन केला तरी त्याचा विषय निघाला की तोडून टाकायची. तिची आई यल्लव्वा विचारायची, काय झालं गं, आणि ललिता म्हणायची, काही नाही अम्मा, काम आहे.

तो रागच तिला पुढे घेऊन गेला. प्रबंधात आपल्या एकटीच्या चिपेशेजारी आणखी काही असाव्यात म्हणून ती यल्लम्माच्या जत्रेला घरी गेली तेव्हा चौघांचं रक्त घेऊन आली. आईचं, चुलता दुर्गप्पाचं, त्याच्या मुलीचं आणि शेजारच्या एका म्हातारीचं. राजाध्यक्ष मॅडमनी फारसा उत्साह दाखवला नाही, पण शिकण्यासाठी कर म्हणाल्या.

चार नवी यकृतं वाढली. ललिताने पाचांनाही सहामाहीचं औषध दिलं. आठवडा गेला आणि तिच्या शेजारच्या चारही पट्ट्यांतला गुलाबी द्रव गढूळ होऊ लागला. पेशी काठावरून सुटत होत्या. तिला वाटलं, बुरशी लागली. तिने सगळं पुन्हा केलं, नळ्या बदलल्या, हात दोनदा धुतले. पुन्हा तेच. चौघांची यकृतं मेली, तिचं जगलं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. खाणीत सुरुंग उडाला की दगड पडतो आणि ट्रॅक्टर तो भरून नेतात. ट्रॅक्टर पुरेसे असले तर खाण मोकळी राहते. कमी असले तर राडारोडा साचत जातो, आणि एक दिवस वरचा कडा खाली येतो. यकृतात औषध फोडून बाहेर नेणारी जी द्रव्यं असतात ती त्या चौघांत फार थोडी होती, ललितात भरपूर. आणि गोळी असती तर सुरुंग थांबवता आला असता, गोळी बंद केली की झालं. सहामाही सुई थांबवता येत नव्हती. ती सहा महिने रोज उडत राहणार होती.

अप्पा खरं बोलत होते. मग तिच्या मनात दुसरा प्रश्न आला. चौघांत आहे ते तिच्यात का नाही? चुलत्याचं सोडा, पण आईचं तरी काही यायला हवं होतं. तिने दोघींची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. मायलेकींची निम्मी जनुकं एक असतात. इथे सोलापूरच्या स्टँडवर शेजारी उभ्या राहिलेल्या दोन परक्या बायकांचं जेवढं जुळेल तेवढंच जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीवर होती.

यल्लव्वा झाडाखाली पाट्याला टाकी घालत बसली होती. हल्ली शहरातले हौशी लोक पाटा-वरवंटा मागायचे, त्यावर तिचं चालायचं. ललिता समोर उकिडवी बसली. वळणावळणाने विचारायचं ठरवून आली होती, पण तोंडातून सरळच आलं.

"अम्मा, मी कुणाची?"

छिन्नी थांबली. यल्लव्वाने पदराने पाट्यावरची भुकटी पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. मग तिने सांगितलं. खाणीवर छत्तीसगडकडचं एक जोडपं कामाला आलं होतं. बाळंत होऊन बाई तापाने गेली. नवऱ्याने पोर यल्लव्वाच्या ओटीत दिलं, बायकोची माती आटपून गावाकडे सांगून येतो म्हणाला, तो परत आला नाही. यल्लव्वाचं स्वतःचं मूल नुकतंच गेलं होतं.

"दूध हुतं. तू रडत हुतीस," यल्लव्वा म्हणाली. "त्यात इचारायचं काय?"

वस्तीतल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. कोणी कधी बोललं नव्हतं. पुढे शाळेत नाव घालताना हणमंताने आपलं नाव सांगितलं, आपली जात सांगितली, आणि तेच पुढे सगळीकडे लागलं. त्यात त्याला काही खोटं वाटलं नव्हतं.

ललिता रडली नाही. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सुईचं सांगितलं. ती टोचणारी गाडी वस्तीवर आली तर सुई घेऊ नकोस, काही झालं तरी घेऊ नकोस. यल्लव्वाने मान हलवली. पण ती सुईचं ऐकत नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

पुण्यात परतल्यावर ललिताने राजाध्यक्ष मॅडमना सगळं दाखवलं. आपल्या जन्माचंही सांगितलं. मॅडमनी पडद्यावरच्या मेलेल्या पेशी एकेक करून पाहिल्या. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे आणखी कोणाला माहीत आहे?

कोणालाच नाही, ललिता म्हणाली.

मॅडम आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एकेक गोष्ट शांतपणे समजावली. चार माणसं म्हणजे समाज नव्हे, चौघंही एकाच वस्तीतली. मोठी तपासणी करायला हवी आणि ती करू, पण तिला अवधी लागेल. गाड्या या आठवड्यात निघाल्या आहेत. खाणीवर दर वर्षी क्षयाने माणसं मरतात ही शंका नाही, खात्री आहे. या सुईने मरतील ही शंका आहे. आज मोहीम थांबवली तर कंपनी पुन्हा वडारांच्या वाटेला जाणार नाही. आणि जे लोक पहिल्यापासून या फेलोशिपच्या विरुद्ध आहेत ते म्हणतील, बघा, खोट्या जातीची मुलगी शिरली. "कायद्याने तू हणमंत धोत्रेंची मुलगी आहेस. कायद्याने तूच प्रतिनिधी आहेस. तू नाही म्हणालीस तर तुझा दाखला खोटा ठरतो, आणि पहिली चौकशी तुझ्या आईची होईल."

ललिताने कागद गोळा करायला घेतले.

"मी तुला घाबरवत नाहीये, ललिता. तुला काय होईल ते सांगतेय."

"आणि वस्तीत काय होईल?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "कदाचित काहीच नाही," त्या म्हणाल्या.

ललिताला त्या बाईचा राग येईना, हेच तिला सगळ्यांत भीतीचं वाटलं. मॅडमचा शब्दन् शब्द पटण्यासारखा होता. खोलीवर जाऊन तिने स्वतःलाही तेच समजावून पाहिलं. चारच तर आहेत. आणखी तपासू. पण डोळ्यांपुढे गढूळ पट्टी यायची, आणि त्या पट्टीवर तिनेच स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं नाव, यल्लव्वा. सकाळच्या पहिल्या गाडीने ती निघाली.

सुईची गाडी तिच्या आधी पोचली होती. समाजमंदिरापुढे पांढरी व्हॅन उभी होती आणि व्हॅनच्या पाठीवर ललिताचा हसरा फोटो होता, कोटातला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या लेकीने तपासलेलं, आपल्यासाठी.' रांग पार खाणीच्या रस्त्यापर्यंत गेली होती. बायका पोरं सजवून घेऊन आल्या होत्या. इथे याआधी इतक्या लोकांनी आपणहून कधी सुई मागितली नव्हती. ती सगळी गर्दी त्या फोटोच्या भरवशावर आली होती.

ललिताने नर्सला थांबायला सांगितलं. नर्स भली होती, पण तिला वरून हुकूम होता. तिने फोन लावला, तिकडून सांगण्यात आलं की ललिता धोत्रे आजारी रजेवर आहेत, काम चालू ठेवा. मग ललिता समाजमंदिराच्या पायरीवर चढली आणि लोकांशी बोलू लागली. यकृत, पेशी, निचरा, तिने सगळं सोपं करून सांगितलं. खाणीचा दाखला दिला. लोक ऐकत होते, माना हलवत होते, आणि रांग सोडत नव्हते. अगं पण तुझ्यावर तपासलंय ना, असं एकीने विचारलं, आणि तिला काही झालं नाही ना, असं दुसरीने. आता एकच वाक्य उरलं होतं. ते आपल्याला बोलावं लागेल हे तिला पुण्याहून येतानाच कळलं होतं, तरी ते तोंडाशी यायला वेळ लागला.

"माझ्यावर तपासलेलं तुम्हाला लागू नाही," ती म्हणाली. "मी तुमच्या रक्ताची नाही. मी हणमंता धोत्रेची मुलगी नाही."

व्हॅनचा ड्रायव्हर मोबाइल वर धरून चित्रण करत होता. दुर्गप्पा पुढे आला. तो वस्तीचा पंच होता आणि तिचा चुलता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला.

"हे सांगायला पुण्याहून आलीस?" तो म्हणाला. "आमाला ठावंच हाय की. तुजी पाचवी मी पुजली. रक्ताचं काय घिऊन बसलीस, पोरी? आजवर आलेली औषधं परक्यांची हुती, म्हनून बाधली. हे पयलं औषध आपल्या घरचं. ह्याला न्हाई म्हनू?"

म्हातारी माणसं हो हो म्हणाली. कोणीतरी तिला पाणी आणून दिलं. पोर शिकून शिकून दमलीय, असं कोणीतरी म्हणालं. चार-सहा तरुण पोरं तेवढी रांगेतून बाजूला झाली आणि आपापसांत बोलू लागली. त्यांचं बघून आणखी काही जण घुटमळले. क्षणभर ललिताला वाटलं, रांग मोडते आहे.

तेवढ्यात मागून यल्लव्वा आली. हातांना, केसांना दगडाची भुकटी तशीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती कोणाकडे न बघता सरळ टेबलाशी गेली आणि चोळीची बाही वर केली.

ललिताने तिचं मनगट धरलं. "अम्मा, तुला सांगितलंय मी. तुझं यकृत मी मेलेलं बघितलंय."

"चार लोकांत म्हनलीस, माजी न्हाई म्हनून," यल्लव्वा हळू आवाजात म्हणाली. "आता गप ऱ्हा." आणि नर्सला मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माज्या लेकीला सोसलं ते मला सोसंल. टोच, बाई."

नर्सने दोघींकडे पाहिलं. ललिताने मनगट सोडलं नव्हतं, पण दंड दुसऱ्या हाताचा होता. सुई आत जाऊन बाहेर आली. त्यानंतर घुटमळणारे परत रांगेत लागले, आणि बाजूला झालेल्या पोरांपैकीही दोघं लागले.

पुढचे काही आठवडे काहीच झालं नाही. यल्लव्वा रोज टाकी घालायची आणि ललिताला म्हणायची, बघ. ललिता वस्तीवरच राहिली. संस्थेने तिला निलंबित केल्याचं कळवलं होतं. ड्रायव्हरने केलेलं चित्रण राज्यभर फिरलं होतं, आणि काही लोक तिला शूर म्हणत होते, काही खोट्या जातीची. मोठी गोष्ट इतकीच झाली की इतर वडारवस्त्यांवरच्या गाड्या चौकशी होईपर्यंत थांबल्या.

मग पहिल्यांदा दुर्गप्पाला जेवण जाईना. मग शेजारच्या म्हातारीच्या अंगाला खाज सुटली. मग एकामागोमाग एक सगळीकडून तेच ऐकू येऊ लागलं. यल्लव्वाने आपलं दुखणं लपवलं, जेवल्यासारखं करून ताट धुऊन टाकायची, पण एका सकाळी ती उन्हाकडे तोंड करून बसली होती आणि ललिताला तिचे पिवळे झालेले डोळे दिसले. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर चांगले होते. त्यांनी सगळे उपाय केले. आत बसलेलं औषध काढून टाकण्याचा उपाय मात्र कोणाकडेच नव्हता, आणि ते अजून निम्मंही विरघळलेलं नव्हतं. ललिताने स्वतःच्या यकृताचा तुकडा देऊ केला. तिच्या यकृताने ते औषध फोडलं असतं, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. रक्तगट जुळला नाही. वस्तीतल्या ज्यांचा जुळत होता त्यांच्याही दंडात तीच सुई होती.

शेवटी शेवटी यल्लव्वाची शुद्ध येत-जात होती. एकदा दुपारी तिने डोळे उघडले आणि विचारलं, पुण्यातलं तुजं ते काचंतलं अजून जित्तं हाय का? ललिता म्हणाली, आहे. संस्थेला दिलेल्या पेशी परत मागता येत नव्हत्या, त्यामुळे ते खरंच होतं. यल्लव्वाने समाधानाने मान हलवली, जणू एका लेकीची तरी काळजी मिटली. संक्रांतीच्या आधी ती गेली. दुर्गप्पा तिच्या आधी गेला होता. वस्तीत त्या थंडीत बरेच खांदे लागले, आणि खांदा द्यायला धड माणसं कमी पडली. यल्लव्वाचं मडकं ललितानेच धरलं. कोणी हरकत घेतली नाही. तिच्याशी कोणी वाईटही बोललं नाही. लोक तिला वाट देत, आणि ती गेली की पुन्हा बोलू लागत.

चौकशी समितीचा निकाल उन्हाळ्यात लागला. औषधात दोष नव्हता, ज्यांच्यासाठी ते होतं त्यांना ते लागू पडत होतं. चिपेत दोष नव्हता, तिने दिलेलं उत्तर बरोबर होतं. नियमात दोष नव्हता. दोष प्रतिनिधीत होता. चुकीच्या माणसाचं यकृत तपासलं गेलं. ललिताचा जातीचा दाखला रद्द झाला, फेलोशिप गेली, प्रबंध बाद झाला. मॅडमनी एकदा फोन केला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. असं पुन्हा होऊ नये म्हणून मी स्वतः बसून नवा नियम लिहिलाय, त्या म्हणाल्या, आणि तो ललिताच्याच शोधावर बेतलेला होता.

नवा नियम असा की, यापुढे प्रतिनिधी फेलोशिपसाठी नुसता दाखला चालणार नाही. अर्जदाराचं रक्त त्याच्या समाजाच्या रक्ताशी जुळलं पाहिजे. ते जुळवायचं तर समाजाचं रक्त आधी नोंदवलेलं हवं, म्हणून वस्तीवस्तीवर शिबिरं सुरू झाली. नोंदणी झालेल्या वस्तीला औषधं आधी, असंही ठरलं. कोणाला ते वावगं वाटलं नाही. इतकी माणसं मेल्यावर कोणाला वाटणार? वर्षभरात वसतिगृहांनी रक्ताची नोंद मागायला सुरुवात केली, मग शिष्यवृत्त्यांनी. सोयरीक जुळवताना मुलाकडचे पत्रिकेसोबत ती विचारू लागले. ललिता सोलापूरच्या एका रक्तपेढीत हंगामी कामाला लागली होती, आणि तिथे येणारी माणसं हलक्या आवाजात काय काय विचारतात ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही.

शिबिर त्यांच्या वस्तीवर आलं तो रविवार होता. समाजमंदिरात टेबलं मांडली होती. वडार समाजाचा नवा प्रतिनिधी निवडायचा होता, आणि वस्तीतली तीन मुलं त्यासाठी उभी होती. ललिता घराच्या दारात बसून लांबून बघत होती. रांग शिस्तीत सरकत होती. कोणी भांडत नव्हतं, कोणी घाबरलेलंही नव्हतं.

रांगेतून एक बाई बाजूला झाली आणि ललिताकडे आली. ती कमळव्वा, खाणीवर खडी भरणारी, नवरा मुंबईला बांधकामावर. तिची तेजस्विनी बारावीला जिल्ह्यात पहिल्या काहींत आली होती आणि फेलोशिप तिलाच मिळणार असं सगळे म्हणत होते. कमळव्वा आधी उगाच उन्हाबद्दल बोलली. यल्लव्वाची आठवण काढली. मग डोक्यावरचा पदर नीट करत, समाजमंदिराकडे पाठ करून तिने विचारलं.

"ललिता, पोरीचं रक्त बघितलं की बापाचं बी कळतं का गं?"

ललिताने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी दुसरं सांगता येईल का, याचा तिने विचार केला. तिला काही सुचलं नाही.

"कळतं," ती म्हणाली.

कमळव्वाने एखाद्या भाजीचा भाव ऐकावा तशी मान हलवली आणि वळून रांगेकडे पाहिलं. तेजस्विनी तिथे नव्हती. ती केव्हाच आत गेली होती.